चिवचिवणारी वाळू आणि एग बेटाची गेलिक नावं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे एग नावाचं छोटंसं बेट आहे, जेमतेम ९ किलोमीटर लांब, वस्ती शंभराच्या आसपास. तिथल्या एका किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय घासत चाललं की वाळू चक्क आवाज करते. क्वार्ट्झचे कण एकमेकांवर घासतात म्हणून, आणि वाळू भिजली की आवाज बंद. इंग्रजीत या जागेला सिंगिंग सँड्स म्हणतात, म्हणजे गाणारी वाळू, पण गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या या भागातली जुनी भाषा, तिच्यातलं नाव आहे 'त्राय अ वीगेल', आणि 'बीगेल' म्हणजे चिवचिव. मला गेलिक नावच जास्त खरं वाटतं, कारण ती वाळू गात वगैरे नाही, ती चिवचिवतेच.

आता 'बीगेल'चं 'वीगेल' कसं झालं? गेलिकमध्ये शब्द वाक्यात कुठे बसतो त्यावर त्याचं पहिलं अक्षर बदलतं, ब चा व होतो, आणि फ तर पूर्ण गायबच होतो. त्यामुळे नुसतं ऐकून लिहून घेणारा माणूस डिक्शनरीत भलताच शब्द शोधत बसतो.

१९व्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या लोकांनी नकाशे बनवताना गावोगावची नावं वह्यांमध्ये लिहून घेतली, प्रत्येक नावापुढे स्पेलिंग, ते कोणी सांगितलं, जागेचं वर्णन. काम प्रचंड मोठं आणि आजही उपयोगी, पण स्पेलिंगसाठी शब्द मानला जायचा तो बहुतेक वेळा जमीनदार, पाद्री, मास्तर यांचा, रोज मेंढ्या घेऊन त्या टेकडीवर जाणाऱ्याचा कमी. म्हणून १९५१ मध्ये एडिंबरा युनिव्हर्सिटीत स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं आणि टेप रेकॉर्डर घेऊन लोक म्हाताऱ्या माणसांकडे जायला लागले ते मला फार मोलाचं वाटतं, कारण टेपवर उच्चार येतो, जोर कुठल्या शब्दावर आहे ते कळतं, आणि नावामागची गोष्टही त्याच आवाजात मिळते.

नावाच्या रचनेवरून त्याचं वयही थोडंफार सांगता येतं. गेलिकमध्ये 'टेकडी', 'बेट' हा शब्द सहसा आधी येतो, नॉर्स म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या भाषेत शेवटी, आपल्या 'वाडी'सारखा. एगवरचं गॅल्मिसडेल घ्या, शेवटचं 'डेल' म्हणजे दरी, हे नॉर्स, ही बेटं १२६६ पर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होती त्या काळाची खूण.

आणि एका जागेला एकच नाव असतं असंही नाही. मार्टिन मार्टिन या स्काय बेटावरच्या लेखकाने १७०३ मध्ये छापलंय की समुद्रावर असताना लोक 'एग' हे नाव तोंडातून काढायचे नाहीत, 'एलान नम बान मोर' म्हणायचे, म्हणजे थोर बायकांचं बेट. हे कुठल्या नकाशावरून कळणार? ते होडीत बसलेल्या माणसालाच विचारायला हवं.

बेटाच्या दक्षिणेला ग्रूलिन नावाची वस्ती होती. १८५३ मध्ये मेंढ्यांसाठी रान मोकळं करायला तिथल्या १४ कुटुंबांना काढलं. घरांच्या दगडी भिंती अजून उभ्या दिसतात, पण कुठल्या झऱ्याला काय म्हणायचे, गुरं कुठल्या खाचेतून वर न्यायचे, हे ज्यांना रोज बोलावं लागायचं तेच निघून गेले, आणि जी नावं तेव्हा कोणी विचारली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली.