व्यावसायिकता शिक्षण (वैद्यकीय)

शरीररचना, औषधे व शस्त्रक्रिया यांखेरीज डॉक्टर म्हणून कसे वागावे, रुग्णाशी, नातेवाइकांशी व सहकाऱ्यांशी कसे बोलावे, स्वतःच्या मर्यादा आणि मनावरचा ताण कसा ओळखावा, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकविण्याची पद्धत. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात तिला ‘पर्सनल अँड प्रोफेशनल डेव्हलपमेंट’ म्हणतात. भारतात एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ती २०१९ पासून ‘एटकॉम’ (वृत्ती, नीती व संवाद) या नावाने सक्तीची आहे.

उगम : या शिक्षणाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. भारतीय लेखक बहुधा चरकसंहितेतील विमानस्थानाच्या आठव्या अध्यायाचा आधार घेतात. शिष्याने गुरू कसा पारखावा व गुरूने शिष्य कसा निवडावा हे सांगून तेथे उपनयनाच्या धर्तीवरचा विधी दिला आहे. अग्नी, ब्राह्मण व वैद्य यांच्या साक्षीने गुरू शिष्याला उपदेश करतो. रुग्णाच्या आरोग्यासाठी सर्व प्रकारे झटावे, स्वतःच्या जिवावर बेतले तरी त्याचा द्रोह करू नये, त्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, ज्ञान असले तरी बढाई मारू नये, या आज्ञा आजच्या आचारसंहितेतही खपून जातील. राजाचा ज्यांच्यावर रोष आहे त्यांच्यावर उपचार करू नयेत, पती किंवा पालक जवळ नसता स्त्रियांवर उपचार करू नयेत, अशाही आज्ञा त्याच उपदेशात आहेत. गौरवाने उतारे देताना त्या सहसा गाळल्या जातात.

संहितेच्या काळाबाबत सावध राहावे लागते. चरक हा कनिष्काचा राजवैद्य होता हे मत चिनी बौद्ध ग्रंथांतील उल्लेखावर उभे आहे. तो चरक आणि संहितेचा संस्कर्ता (जुन्या ग्रंथाची फेरमांडणी करणारा) एकच, हे सिद्ध झालेले नाही. संस्करणाचा काळ अनेक अभ्यासक इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या आसपास ठेवतात, काही थोडा आधीचाही मानतात. दृढबल या पुढच्या संपादकाने घातलेली भर चिकित्सास्थानाचे १७ अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान यांत आहे. त्यामुळे विमानस्थानातील हा उपदेश जुन्या थरातील मानण्यास हरकत नसावी.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरील शपथेचा उगमही असाच वादग्रस्त आहे. वैद्यकाचे इतिहासकार लुडविग एडेलस्टाइन यांनी १९४३ मध्ये ती पायथागोरसपंथीयांची ठरविली. पुढे हे मत बरेच मागे पडले. दोन्ही मजकुरांचा संबंध शिक्षण संपण्याशी नसून शिष्यत्वाच्या आरंभाशी आहे, एवढे निश्चित. पदवी घेताना शपथ घेण्याची रूढी पुष्कळच अलीकडची. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने (भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आलेली संस्था) २०२२ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चरक शपथेची शिफारस केली, तेव्हा उगमाचा हा जुना वाद वर्तमानपत्रांत आला. मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हिपॉक्रेटिसच्या शपथेऐवजी ती घेतली गेल्यावर तमिळनाडू सरकारने तेथील अधिष्ठात्यांना पदावरून दूर केले व काही दिवसांत पुन्हा नेमले.

शपथ देणे आणि शिकविणे या मात्र निराळ्या गोष्टी होत. शपथेत उपदेश असतो. सराव नसतो, मूल्यमापन नसते, चुकल्यावर पुन्हा करून पाहण्याची सोय नसते. आजच्या पद्धतीची वंशावळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

आधुनिक विकास : मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे गट जमवून अवघड वाटलेल्या रुग्णांविषयी मोकळेपणाने बोलण्याची रीत पाडली. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर व सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातील विद्यार्थ्यांबरोबर वावरून केलेला अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आदर्श उराशी धरून आलेली मुले थोड्याच अवधीत परीक्षेला काय येईल एवढेच पाहू लागतात, असे त्यात दिसले. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष बदल घडले ते १९९० च्या दशकात : ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या १९९३ च्या शिफारशी, डॉक्टरच्या अंगी कोणत्या क्षमता हव्यात हे सांगणारा कॅनडाचा १९९६ चा ‘कॅनमेड्स’ आराखडा आणि सिडनी विद्यापीठाचा १९९७ चा नवा अभ्यासक्रम. सिडनीने व्यक्तिगत व व्यावसायिक विकास हे चार मुख्य सूत्रांपैकी एक मानले. नव्या विद्यार्थ्यांना पांढरा कोट समारंभपूर्वक देण्याची प्रथा कोणी सुरू केली, याविषयी दोन दावे आहेत. शिकागो विद्यापीठात तो १९८९ मध्ये झाला. प्रसार झाला तो १९९३ च्या कोलंबिया विद्यापीठातील समारंभापासून.

एटकॉम : भारतीय वैद्यक परिषदेच्या २०११ मधील ‘व्हिजन २०१५’ या दस्तऐवजात याची कल्पना आढळते. त्याआधीही बंगळूरच्या सेंट जॉन्ससारख्या मोजक्या महाविद्यालयांत वैद्यकीय नीतिशास्त्र शिकविले जात असे. परिषदेची पुस्तिका २०१८ मध्ये निघाली. तीत २७ घटक असून त्यांची टप्प्यांनुसार विभागणी ५, ८, ५ व ९ अशी आहे. डॉक्टर असणे म्हणजे काय आणि रुग्ण असणे म्हणजे काय, या प्रश्नांनी सुरुवात होते. शेवटच्या टप्प्यात मृत्यूला सामोरे जाणे व वैद्यकीय निष्काळजीपणा येतात.

घटकाची मांडणी ठरलेली असते. एका तासाला एखादे प्रकरण मांडायचे, मधल्या काळात विद्यार्थ्यांनी वाचून व विचारून यायचे, पुढच्या तासाला चर्चा करून ते मिटवायचे. पहिल्या वर्षाचा ‘शव हा आपला पहिला गुरू’ हा घटक बहुतेकांच्या लक्षात राहतो. डिसेक्शन हॉलमध्ये टेबलांभोवती उभे राहून विद्यार्थी देहदात्याचा मान राखण्याची शपथ घेतात, काही ठिकाणी फुले वाहतात, आणि मगच सुरी हातात घेतात. या तासांना ७५ टक्के उपस्थिती नसेल तर त्या वर्षाच्या अंतिम परीक्षेला बसता येत नाही. लॉगबुकात ‘रिफ्लेक्शन’ (अनुभवावरचे स्वतःचे चिंतन) लिहावे लागते. सीनियरची वही समोर ठेवून ते उतरविले जाते ही तक्रार जुनी आहे आणि सर्वस्वी खोटी नाही.

मूल्यमापन व अदृश्य अभ्यासक्रम : वृत्तीला गुण कसे द्यायचे हा या विषयाचा कच्चा दुवा आहे. मॅक्सिन पापाडाकिस व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतील नोंदी ४६९ अन्य डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कारवाई झालेल्यांत विद्यार्थी असतानाच्या गैरवर्तनाच्या नोंदी लक्षणीयरीत्या अधिक आढळल्या. बेजबाबदारपणा व स्वतःत सुधारणा करण्याची अनिच्छा या बाबी विशेष ठळक होत्या. फ्रेडरिक हॅफर्टी व रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये मांडलेला आक्षेप अधिक मूलगामी आहे. वर्गात शिकविलेली नीती आणि वॉर्डात दिसणारी वागणूक यांत विसंगती असेल, तर विद्यार्थी वॉर्डातली वागणूकच उचलतो; असे न शिकविता शिकले जाणारे म्हणजेच अदृश्य अभ्यासक्रम. राउंडवर सरांनी रुग्णाच्या अंगावरची चादर पडदा न ओढता बाजूला केली, की संमती व लाज राखणे यांवरचा आदल्या आठवड्याचा तास संपला. हा आक्षेप मान्य केल्यास शिक्षकांच्या प्रशिक्षणाला घटकांच्या संख्येपेक्षा महत्त्व द्यावे लागेल.

महाराष्ट्र : सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९, संस्थापक सुशीला नायर) हे काम एटकॉमच्या पुष्कळ आधीपासून वेगळ्या मार्गाने चालते. नवे विद्यार्थी आरंभी गांधीजींच्या आश्रमात शिबिराला राहतात. प्रार्थना, सूतकताई, श्रमदान हा तेथील दिनक्रम. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्यांना कुटुंबे वाटून दिली जातात व तो संबंध शिक्षणभर राहतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नंतर सर्वत्र लागू केलेला कुटुंब दत्तक कार्यक्रम याच धाटणीचा आहे. कागदोपत्री तो एटकॉममध्ये मोडत नाही, कम्युनिटी मेडिसिनमध्ये मोडतो.