स्थावर मालमत्ता दलालांचे व्यावसायिक नीतिनियम (मराठवाडा)

जमीन, प्लॉट किंवा फ्लॅटचा सौदा जुळवून देणाऱ्याने काय सांगावे, काय लपवू नये आणि दलाली कोणाकडून घ्यावी, याबद्दलचे कायद्याने आणि रूढीने ठरलेले नियम. पाटीवर 'एजंट' किंवा 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे लिहिलेले असले, तरी बोलण्यात तो दलालच.

यातले लेखी नियम मुख्यतः स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 मधले. नोंदणी नसलेल्या दलालाने प्रकल्पातली सदनिका किंवा प्लॉट विकून द्यायचा नाही, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाला तर हातच लावायचा नाही. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी जाहिरात करायची नाही आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सगळी कागदपत्रे मिळवून द्यायची. नियम मोडल्यास दिवसाला 10,000 रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढू शकतो. महाराष्ट्रात ही व्यवस्था महारेरा, म्हणजे राज्याची स्थावर संपदा नियामक संस्था, पाहते. 2023 मध्ये तिने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली.

शेतजमिनीचा सौदा आणि जुन्या घराची फेरविक्री मात्र या चौकटीबाहेर राहते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी दलालाचे बहुतेक काम नेमके तेच. तिथे उरतो 1872 चा भारतीय करार कायदा. दलालाने ज्याच्यासाठी तो काम करतो त्या माणसाला अंधारात ठेवून त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा साधला, तर तो फायदा मागून घेण्याचा हक्क त्या माणसाला आहे, असे त्याचे कलम 216 सांगते. मालकाला एकरी वीस लाख सांगायचे, घेणाऱ्याला बावीस, आणि मधले दोन लाख गुपचूप ठेवायचे, ही सवय इथे इतकी मुरलेली आहे की अनेकांना ती हुशारी वाटते.

या भागातल्या जमिनीला निजामी राजवटीचा वारसा आहे, त्यामुळे दलालाच्या सांगण्याला जास्त वजन येते. 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याखालची जमीन, सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी भोगवटादार वर्ग-2 जमीन, देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश इनामाची जमीन, वक्फची जमीन: यांतली कुठलीच मोकळेपणाने विकता येत नाही. जुनी कागदपत्रे कधी उर्दूत, कधी मोडीत. जाणता दलाल 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकापासून (जमिनीचा जुना महसुली दस्तऐवज) फेरफार लावून बघतो. दुसरा व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवतो, आणि त्यात 'इतर अधिकार' हा रकाना बरोब्बर कापलेला असतो. कुळाचे नाव, बँकेचा बोजा त्याच रकान्यात असतो. डिजिटल सहीचा अख्खा उतारा 15 रुपयांत निघतो, म्हणून 'मला माहीत नव्हते' ही सबब फारशी टिकत नाही.

गुंठेवारीत, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे करून विकण्यात, दलालाचा कस लागतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शहराच्या कडेला शेतात चुन्याच्या रेघा मारून असे तुकडे विकले जातात. तुकडेबंदीमुळे (जमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरची कायद्याची बंदी) रजिस्ट्री अडली की बाँडवर नोटरी करून काम भागवले जाते. नोटरीने मालकी मिळत नाही, हे इसार देण्याआधी स्पष्ट सांगणे दलालाचे काम. नंतर सांगून काय उपयोग? 'पुढे गुंठेवारी कायदेशीर होईलच' हे आश्वासन तर त्याने देऊच नये, कारण नियमित करणे त्याच्या हातात नसते.

दलाली साधारणपणे दोन्ही बाजूंकडून, टक्क्याने घेतली जाते. दोन्हीकडून घेण्यात गैर नाही, पण दोघांनाही ते माहीत हवे. ती बहुधा रजिस्ट्रीच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर हातात पडते. सौदा मोडला तर इसार कोणी ठेवायचा आणि दलालीचे काय, हे इसारपावतीवर क्वचितच लिहिलेले असते. बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.