दातांचे ठसे असलेली गोळी

अमेरिकी यादवी युद्धाच्या (१८६१–६५) जुन्या छावण्यांच्या जागी मेटल डिटेक्टर फिरवला की कधीकधी चावलेल्या शिशाच्या गोळ्या सापडतात. ‘भूल न देता पाय कापताना सैनिकाने ही दातांत धरली होती’, हा समज जुना आहे. ऐकून जीव कळवळतो. पण ईथर १८४६ पासून आणि क्लोरोफॉर्म १८४७ पासून भूल देण्यासाठी वापरात होते. त्या युद्धातल्या बहुतेक मोठ्या शस्त्रक्रिया भूल देऊनच झाल्या. मग ठसे कुणाचे? बहुतेकदा माती उकरणाऱ्या डुकरांचे. भिंगातून पाहा: माणसाचे दात शिशावर उथळ खुणा उमटवतात, खोल, रुंद खड्डे आणि पार चेपलेला आकार जनावराच्या जबड्याचा. सुरीने तासलेल्या नेमक्या कडा दिसल्या, तर ती गोळी जिवापाड जपा. रिकाम्या वेळात सैनिक अशाच गोळ्यांतून बुद्धिबळाची प्यादी कोरत.