मशीहा माणूस की देव? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे : ज्याच्या डोक्यावर तेल ओतले तो, अभिषिक्त. ग्रीकमध्ये तोच ‘ख्रिस्त’. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याने शिंगातले तेल मेंढरे राखणाऱ्या दावीदाच्या डोक्यावर ओतले, तेव्हा त्याच्यावर काम सोपवले गेले. तो देव झाला नाही. यशयाच्या ग्रंथात तर इराणच्या कोरेश राजालाही हाच शब्द लावला आहे, कारण बाबेलमधल्या यहुद्यांना घरी परतायची वाट त्याने मोकळी केली. पुढे राज्य गेले, तरी दावीदाच्या कुळातला राजा येईल ही आशा टिकली. मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांत दोन अभिषिक्तांची वाट पाहिलेली दिसते, एक याजक आणि एक राजा.

येशूच्या बाबतीत खरी गाठ यार्देन नदीत बसते. बाप्तिस्मा घेऊन तो पाण्याबाहेर येतो आणि ‘तू माझा पुत्र’ अशी आकाशवाणी होते. ही निवड त्या क्षणी झाली, की आधीपासून होती? येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मार्क त्याच्या जन्माची कथा सांगतच नाही, थेट नदीकाठी येतो. मत्तय आणि लूक जन्मापर्यंत मागे जातात. योहान सृष्टीच्याही आधी. मला वाटते, पुढचे सगळे वाद याच अंतरात दडलेले होते. येशूला मशीहा मानणारे एबियोनी नावाचे यहुदी त्याला माणूसच समजत. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या संवादात त्रिफो हा यहुदी ठामपणे सांगतो, की मशीहा माणसापोटी जन्मलेला माणूस असेल, अशीच आमची अपेक्षा आहे. अखेर ३२५ मध्ये निकिया येथील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले, आणि ४५१ मध्ये खल्केदोनच्या परिषदेने ‘खरा देव, खरा माणूस’ हे सूत्र घातले.

यहुदी परंपरा मात्र आपल्या जागी राहिली. बाराव्या शतकात माइमोनिडीज या यहुदी पंडिताने लिहिले, की मशीहाने चमत्कार करून दाखवण्याची गरज नाही; तो तोरा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, पाळणारा, दावीदाच्या वंशातला राजा असेल.

येशूला ‘येशुआ’ म्हणणारे आणि मशीहा मानणारे आजचे मेसियानिक यहुदी या दोन परंपरांच्या मधे उभे आहेत. अमेरिकेत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या हिब्रू ख्रिस्ती संघाने १९७५ मध्ये ‘मेसियानिक यहुदी’ हे नाव घेतले. त्यांच्यातले बहुतेक जण येशुआचे देवत्व मानतात. थोडे जण अजूनही ‘देवाने नेमलेला माणूस’ एवढ्यावरच थांबतात. त्यांना पाखंडी म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही, कारण त्यांचा प्रश्न निकियापेक्षा जुना आहे.

कोकणातल्या यहुद्यांत मशीहाची हीच आशा वेगळ्या रूपात नांदली. शनिवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नबीचे नाव घेतात. मशीहाच्या आधी येऊन त्याची वर्दी देणारा संदेष्टा तो हाच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला माणसे तिथे आजही जातात.