निनावी अभिप्राय आणि गोपनीय अभिप्राय

सत्र अर्ध्यावर आलं की विद्यार्थ्यांकडे अभिप्रायाचा फॉर्म जातो. वर ठरलेलं वाक्य असतं: ‘तुमचा अभिप्राय निनावी आणि पूर्णपणे गोपनीय राहील.’ कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांनी तरी हे वाक्य लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. यातले दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि आपण तर शब्दांचा काटेकोर अर्थ लावायला शिकवतो.

निनावी म्हणजे कोणी लिहिलं हे कोणालाच कळू शकत नाही. शिक्षकाला नाही, कार्यालयाला नाही, फॉर्म बनवणाऱ्यालाही नाही. गोपनीय म्हणजे कोणाला तरी ते ठाऊक आहे किंवा शोधून काढता येतं, पण त्याने ते बाहेर सांगायचं नाही असं बंधन आहे. पक्षकार वकिलाशी बोलतो ते गोपनीय असतं. वकिलाला नावगाव सगळं माहीत असतं. निनावी अभिप्रायात विश्वास फॉर्मच्या रचनेवर ठेवायचा, गोपनीय अभिप्रायात माणसावर.

हा घोटाळा भल्याभल्यांचा होतो. ब्रिटनमधलं मतदान गुप्त मानलं जातं, आणि ते आहेही. पण तिथल्या मतपत्रिकेवर क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कोणत्या मतदाराला दिला याची यादी वेगळी मोहोरबंद ठेवतात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती उघडता येत नाही. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर ते मत गोपनीय आहे, निनावी नाही.

आपल्या रोजच्या कामातलं उदाहरण याहून जवळचं आहे. कायद्याच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि विद्यार्थी तिला सर्रास ‘निनावी तपासणी’ म्हणतात. तपासणाऱ्यापुरतं ते खरं आहे. पण क्रमांक आणि नाव जोडणारा तक्ता परीक्षा विभागाकडे असतोच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ रोजी नोवाक खटल्यात नेमका हाच मुद्दा हाताळला. आयर्लंडमधल्या पीटर नोवाक यांनी लेखापालाच्या परीक्षेतली आपली उत्तरपत्रिका मागितली होती. न्यायालय म्हणालं की तपासनिसाला उमेदवार कोण हे तपासताना कळतं की नाही, याने फरक पडत नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ते जुळवता येतं. म्हणून उत्तरं आणि त्यांवरचे तपासनिसाचे शेरे ही उमेदवाराची वैयक्तिक माहितीच ठरते. युरोपचा माहिती संरक्षण कायदाही, म्हणजे जीडीपीआर, हीच रेघ ओढतो. जादा माहिती जोडून माणूस ओळखता येत असेल तर ती माहिती वैयक्तिक. कोणत्याच वाजवी मार्गाने ओळखता येत नसेल तरच ती निनावी.

आता ऑनलाइन वर्गाकडे येऊ, कारण खरी गोची तिथेच आहे. प्रत्यक्ष वर्गात चिठ्ठ्या डब्यात टाकल्या की निम्मं काम झालं, हस्ताक्षर तेवढं उरतं. ऑनलाइन वर्गात विद्यार्थी मुळात लॉगिन करूनच आत आलेला असतो. गुगल फॉर्म्सवर ‘प्रत्येकाचा एकदाच प्रतिसाद’ हे बंधन घातलं की खात्यात शिरावं लागतं. ईमेल गोळा करणं बंद ठेवलं असेल तर शिक्षकाला पत्ता दिसत नाही, पण विद्यार्थ्याला स्क्रीनवर आपलं खातं दिसतं आणि तो हात आखडता घेतो. ही भीती तांत्रिकदृष्ट्या चुकीची असली तरी तिचा परिणाम खरा असतो.

आणि सेटिंग बरोबर असूनही नाव फुटू शकतं. मी करार कायदा ऑनलाइन शिकवते. एका तुकडीत २६ जण होते. फॉर्ममध्ये नाव विचारलं नव्हतं, ईमेल बंद होता. फक्त सहज म्हणून दोन प्रश्न घातले होते: नोकरी करता का, आणि आधीची पदवी कशातली? प्रतिसादांच्या तक्त्यात एक ओळ अशी आली: वेळ रात्रीचे १.४०, नोकरी ‘हो’, पदवी ‘औषधनिर्माणशास्त्र’, आणि शेवटच्या रकान्यात, ‘केस ब्रीफवरचे (खटल्याच्या निकालाच्या लेखी सारांशावरचे) शेरे दोन आठवड्यांनी मिळतात, तोवर पुढचा ब्रीफ देऊन झालेला असतो.’ त्या पदवीची वर्गात एकच मुलगी होती. तक्रार शंभर टक्के रास्त होती आणि शेरे पाच दिवसांत द्यायला मी त्याच आठवड्यात सुरुवात केली. तरीही मी तिला दिलेला शब्द मोडला होता. पुढच्या लाइव्ह तासाला तिने प्रश्न विचारायला हात वर केला, तेव्हा मला ते जाणवलं. तिला माहीतच नव्हतं की मला माहीत आहे.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लॅटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना केवळ पाच अंकी पोस्टल कोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावरून वेगळं काढता येऊ शकतं. तिथे प्रश्न सगळ्या देशाचा होता. २६ जणांच्या वर्गात तर दोन प्रश्नही पुरतात.

मग कुठे काय वापरायचं? शिकवण्याचा वेग, बोलण्याची पद्धत, कॅमेऱ्यासमोर अचानक नाव पुकारून प्रश्न विचारल्यावर होणारी घालमेल, हे सगळं निनावीच विचारावं. ज्याच्या हातात गुण आहेत त्याला तोंडावर हे कोणी सांगत नाही. फॉर्ममध्ये ओळख पटेल असा एकही प्रश्न नको. तुकड्यांत विभागणी करायचीच असेल तर पाचपेक्षा कमी जणांचा गट वेगळा दाखवू नये.

पण निनावी अभिप्रायाला उलट प्रश्न विचारता येत नाही, ही त्याची मोठीच उणीव आहे. ‘निकालपत्रं वाचता येत नाहीत’ एवढंच आलं तर काय समजायचं? भाषा जड आहे, की स्कॅन केलेली पीडीएफ स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचत नाही? दुसरं असेल तर एक दृष्टिहीन विद्यार्थी सगळं सत्र अडून बसलेला असतो आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. उपशीर्षकं, परीक्षेवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, ब्रेकआउट रूममध्ये (ऑनलाइन वर्गातल्या छोट्या गटाच्या खोलीत) कोणी त्रास दिला असेल तर तो, या गोष्टी गोपनीय मार्गानेच याव्यात. त्या घेणारा माणूस गुण देणारा नसावा. त्याने नावं काढून, वाक्यं आपल्या शब्दांत मांडून ती शिक्षकाकडे द्यावीत आणि गरज पडली तर विद्यार्थ्याला परत विचारावं. गोपनीयतेला मर्यादा असतील, छळाची तक्रार वर कळवणं भाग असेल, तर ते फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहावं.

आता मी दोन फॉर्म देते. एकावर असतं, ‘हे कोणी लिहिलं ते आम्हाला कळणार नाही, म्हणून उत्तरही देता येणार नाही.’ दुसऱ्यावर, ‘तुमचं नाव समन्वयकांना कळेल, शिक्षकांना नाही.’ दोन्ही एकाच दिवशी पाठवत नाही. लागोपाठ भरले गेले तर दोन तक्त्यांमधल्या वेळा शेजारी शेजारी येतात, आणि एकावरचं नाव दुसऱ्यावर जाऊन बसतं.