पिल्लाच्या आतड्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही

ग्रेट डेन जातीचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं असतं. वर्षभरात ते 50 किलोच्या आसपास पोचतं. एवढा सांगाडा इतक्या घाईने उभा राहायचा तर कॅल्शियम भरपूर लागणार, हे कुणालाही पटेल. म्हणून मोठ्या जातीचं पिल्लू घरात आलं की पाठोपाठ कॅल्शियमचं सिरप नाहीतर पावडरही येते. कॅल्शियम लागतं हे खरंच आहे. फसगत होते ती पुढच्या समजुतीत: जास्त झालंच तर शरीर टाकून देईल.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याचं शरीर ते बऱ्याच अंशी टाकतंही. अन्नातलं किती कॅल्शियम रक्तात घ्यायचं हे त्याचं आतडं ड जीवनसत्त्वाच्या मदतीने ठरवतं. रक्तात पुरेसं असलं की शोषण मंदावतं. साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लात मात्र हे नियंत्रण अपुरं असतं. अन्नात कॅल्शियम कमी पडलं तर त्याचं आतडं शोषण वाढवू शकतं, पण अन्नात कितीही असलं तरी त्यातलं 40 ते 50 टक्के आत येतंच. अन्नातलं प्रमाण दुप्पट केलं की रक्तात जाणारंही जवळपास दुप्पट होतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हर्मन हॅझविंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे तपासलं. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात काही पिल्लांच्या अन्नात 1.1 टक्के कॅल्शियम होतं, तर काहींच्या 3.3 टक्के. जास्त कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांच्या वाढीत बिघाड झाले.

हे असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लांब हाड टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून वाढतं. पट्टीच्या एका बाजूला नवी कूर्चा तयार होत राहते, दुसऱ्या बाजूला जुनी कूर्चा विरघळून तिच्या जागी हाड येतं. शिवाय तयार झालेलं हाडही सतत कोरलं जातं, कारण लांबीबरोबर त्याचा आकार आणि आतली पोकळी बदलावी लागते. थोडक्यात, वाढणाऱ्या हाडाला गवंड्याइतकीच पाडकाम करणाऱ्याचीही गरज असते. रक्तात कॅल्शियमचा ओघ वाढला की हाडातून कॅल्शियम काढायला लावणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी गप्प बसतात, कॅल्सिटोनिन हे संप्रेरक वाढतं आणि हाड कोरणाऱ्या पेशी थंडावतात. कूर्चेचं हाडात रूपांतरही अडखळतं. कूर्चा जाड होत जाते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात, त्यामुळे जाडी वाढली की आतल्या पेशींना पोषण पुरत नाही आणि तिला भेगा पडतात. सांध्यात अशी भेग पडली की पिल्लू लंगडतं.

पुढच्या पायात आणखी एक गुंता आहे. तिथे दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात. त्यातल्या एकाची खालच्या टोकाची पट्टी अडली आणि दुसरं वाढत राहिलं, तर दुसऱ्याला धनुष्यासारखं वाकण्यावाचून पर्याय उरत नाही आणि पंजा बाहेर वळतो. असा वाकडा पाय पाहिला की बहुतेक जण कॅल्शियमची मात्रा आणखी वाढवतात!

मिनिएचर पूडलसारख्या लहान जाती हे चढउतार बरेच सहन करतात. त्यांची वाढ मुळातच थोडी असते. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी ‘आफ्को’ ही संघटना हा फरक करते. पिल्लांच्या अन्नात कोरड्या (म्हणजे पाणी वगळून उरलेल्या) वजनाच्या किमान 1.2 टक्के कॅल्शियम असावं. कमाल मर्यादा इतरांसाठी 2.5, पण मोठेपणी 32 किलोंच्या वर जाणाऱ्या पिल्लांसाठी 1.8 टक्के. ही मर्यादा ओलांडायला काय लागतं? समजा पिल्लू कोरड्या वजनाने 300 ग्रॅम अन्न खातं आणि त्यात 1.2 टक्के, म्हणजे 3.6 ग्रॅम कॅल्शियम आहे. त्यात 5 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळलं, की आणखी 2 ग्रॅम कॅल्शियम वाढलं आणि मर्यादा मागे पडली. अंड्याच्या कवचाची पूड म्हणजे बहुतांशी हेच कार्बोनेट. ‘नैसर्गिक’ म्हटल्याने हिशेब बदलत नाही.

उलट बाजूचं संकटही खरं आहे, आणि ते बहुधा मांसावर वाढवलेल्या पिल्लांवर येतं. 100 ग्रॅम हाडविरहित मांसात कॅल्शियम 10 मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस जवळजवळ 200. पिल्लाला हवं असतं एकास एक ते दोनास एक, कॅल्शियमचं पारडं जड. नुसत्या मांसावरच्या पिल्लाचं शरीर रक्तातली पातळी राखायला हाडांतून कॅल्शियम काढतं. हाडं इतकी पातळ होतात की साध्या उडीतही मोडतात. इथे कॅल्शियम द्यायलाच हवं, पण मोजून, सगळ्या आहाराचा हिशेब मांडून. घरी शिजवून घालणाऱ्यांनी तो पशुवैद्याकडून करून घ्यावा. कोवळ्या उन्हात बसवण्याचा मात्र फारसा उपयोग नाही. माणसाच्या त्वचेत होतं तसं पुरेसं ड जीवनसत्त्व कुत्र्याच्या त्वचेत तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं.

कॅल्शियमइतकीच, कदाचित जास्त, दुर्लक्षित गोष्ट म्हणजे एकूण खाणं. 48 लॅब्रॅडॉरच्या एका दीर्घ अभ्यासात निम्म्या पिल्लांना आठव्या आठवड्यापासून जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिलं. त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष कमी आढळला आणि त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी त्याहून जास्त जगली असं) 13 वर्षं भरलं. भरपेट खाणाऱ्यांचं 11.2 वर्षं. गुटगुटीत पिल्लू दिसायला गोड असतं, पण त्याच्या सांध्यांना ते वजन पेलावं लागतं. फासळ्या हाताला सहज लागाव्यात, एवढंच पिल्लू भरलेलं बरं.

जर्मन शेफर्डचे कान उभे राहत नाहीत म्हणूनही कॅल्शियम दिलं जातं. कान कूर्चेचा असतो, आणि दात बदलण्याच्या काळात तो वरखाली होतोच. पिल्लू लंगडत असेल किंवा पाय वाकताना दिसत असेल तर मात्र थांबू नये. रक्ताची तपासणी नॉर्मल आली म्हणून निश्चिंतही राहू नये, कारण हाडं रिकामी होत असतानाही रक्तातलं कॅल्शियम बहुधा ठीक दिसतं. एक्स-रे काढून घ्यावा, आणि जाताना पिल्लाला दिवसभरात काय काय घालतो त्याची यादी सिरपसकट सोबत न्यावी.