दोरावरचे शिनाणे: घरी नेण्याआधी हे वाचा

आमची पिशवी उघडलीत की एखादा शिनाणा, म्हणजे हिरवा शिंपला, किंचित तोंड उघडून बसलेला दिसेल. त्याच्या पाठीवर चमच्याने टकटक करा आणि थोडं थांबा. तो हळूहळू मिटेल. म्हणजे तो जिवंत आहे आणि तसाच असायला हवा. शिनाणे जिवंत घ्यायचे, जिवंत ठेवायचे आणि जिवंत असतानाच शिजवायचे. आमची सगळी मेहनत यासाठीच असते, आणि पिशवी तुमच्या हातात आल्यावर ती सांभाळायची कशी, हे सांगायला हे पत्रक.

हे येतात कुठून

कर्ली नदी मालवणजवळच्या देवबागपाशी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत बांबूच्या मांडवाला दोर टांगून आम्ही हे शिनाणे वाढवतो. शास्त्रीय नाव पर्ना विरिडिस. रत्नागिरीकडे यांना काकई म्हणतात, केरळात कल्लुम्मक्काय. कोवळा शिनाणा पोपटी-हिरवा असतो. जून झाला की पाठ तपकिरी होत जाते आणि हिरवा रंग कडेला उरतो.

पाऊस सरून खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं की, साधारण नोव्हेंबरात, काम सुरू होतं. किनाऱ्यावरच्या खडकांना शिनाण्यांची पिल्लं दाटीने चिकटलेली असतात. त्यातली दोनेक सेंटिमीटरची आम्ही काढून आणतो. हे आमचं बी. खडक खरवडून उघडा करत नाही, फक्त दाटी विरळ करतो. पुढच्या वर्षीही तिथेच जायचं असतं. मग मीटरभर दोराभोवती अर्धा ते पाऊण किलो बी सारखं पसरायचं, वरून सुती जाळीचं कापड गुंडाळायचं आणि सुईने शिवून टाकायचं. शिवण फार आवळली तर पिल्लं गुदमरतात, सैल राहिली तर पाण्यात सोडताच निम्मं बी तळाला. आमच्याकडच्या ज्या बाया हे शिवतात त्यांच्या बोटांना तो ताण नेमका कळतो. त्यांच्याइतकं चांगलं शिवणं आम्हाला अजून जमलेलं नाही.

पाण्यात गेल्यावर शिनाणा आपल्या पायापासून चिवट, रेशमासारखे धागे काढतो आणि एक-दोन दिवसांत दोराला धरतो. सुती कापड नंतर कुजून गळून जातं. शिंपल्याच्या फटीतून दाढीसारखी तपकिरी लव बाहेर आलेली तुम्ही पाहता ना, ते हेच धागे. त्यात घाण असं काही नाही.

त्यानंतर आम्ही त्यांना काहीही खायला घालत नाही. खाद्य नाही, औषध नाही, खत नाही. भरतीबरोबर येणाऱ्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे वनस्पतीकण शिनाणा गाळून खातो; मोठा शिनाणा तासाला काही लिटर पाणी गाळतो. आमचं काम राखणीचं. नुकतं लावलेलं बी मासे टोचून खातात, खेकडे दोरावर चढतात, कालवं आणि इतर कवचवाले शिनाण्यांच्या पाठीवरच घर करतात, ते सगळं वेळोवेळी काढावं लागतं. शिवाय दोराची लांबी नेमकी हवी. उधाणाच्या ओहोटीला दोर उघडा पडता कामा नये आणि खालचं टोक तळाच्या चिखलाला टेकता कामा नये. आमच्या शिनाण्यांत दाताखाली रेती येत नाही, त्याचं कारण एवढंच आहे: त्यांनी तळ कधी पाहिलेलाच नसतो.

पाच-सहा महिन्यांत ते सहा ते आठ सेंटिमीटरचे होतात. तेव्हा काढणी.

पावसाळ्यात आम्ही का विकत नाही

दरवर्षी पावसाळ्यात फोन येतात, ‘थोडे तरी द्या’ म्हणून. देता येत नाहीत. शिनाण्याला खारं पाणी लागतं. घाटावर पाऊस कोसळला की नदीला लोंढा येतो आणि खाडी गोडी होते. पहिल्या वर्षी आम्ही चूक केली. अजून थोडे भरू देत, वजन वाढेल, म्हणून मे संपेपर्यंत थांबलो. पावसाची पहिली मोठी सर वेळेआधी आली, सलग तीन दिवस पडली. चौथ्या दिवशी दोर वर ओढला तर तो हलका लागला. धागे सोडून निम्मे शिनाणे तळाला गेले होते, उरलेल्यांची तोंडं उघडी आणि वास सुटलेला. त्या वर्षी एक किलोसुद्धा विकला नाही. तेव्हापासून मेच्या मध्यापर्यंत आम्ही मांडव रिकामा करतो, शिनाणे जरा लहान राहिले तरी.

गोड्या पाण्याची ही गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे, ती पुढे सांगतो.

सुरक्षिततेबद्दल

पाणी गाळून खाणारा जीव पाण्यातलं वाईटही आत घेतो, हे आम्ही लपवणार नाही. म्हणून काढणीनंतर शिनाणे धुऊन 24 तास टाकीत ठेवतो. टाकीतलं समुद्राचं पाणी गाळलेलं आणि अतिनील दिव्याखालून फिरवून निर्जंतुक केलेलं असतं. त्यात शिनाणे आपलं पोट स्वतःच साफ करतात. टाकीतून न गेलेला माल आम्ही कोणालाही देत नाही, घरच्यांनाही नाही.

पण टाकी सगळं करू शकत नाही. समुद्रात काही सूक्ष्म वनस्पतींचा बहर आला की त्यांचं विष शिनाण्यांत साठतं. ते 24 तासांत निघत नाही आणि उकळूनही जात नाही. 1997 साली केरळात विझिंजमला असे शिनाणे खाऊन माणसं दगावली होती. म्हणून पाण्याचा रंग लालसर किंवा तपकिरी वाटला की आम्ही काढणी थांबवतो. अशा वेळी तुमची मागणी रद्द करावी लागली तर कृपया रागावू नका. खडकावरून स्वतः काढून आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, आणि जिथे सांडपाणी समुद्राला मिळतं तिथले शिनाणे तर काढूच नयेत.

कोळंबी-खेकड्याची किंवा कुठल्याही शिंपल्याची ॲलर्जी असेल तर शिनाणे खाऊ नका. कच्चे कोणीच खाऊ नका.

‘परदेशात खाल्ले ते हेच का?’

हा प्रश्न पर्यटक आणि परदेशातून सुट्टीला आलेली आपली माणसं हमखास विचारतात. नाही. युरोपात आणि कॅनडात जे निळे-काळे शिंपले मिळतात ते मायटिलस जातीचे, थंड पाण्यातले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ते लाकडी खांबांवर वाढवतात, कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर समुद्रात आडव्या ताणलेल्या दोरांना लोंबत्या पिशव्या बांधून. तिथे बाजारात जायला त्यांना दीड ते दोन वर्षं लागतात. आपल्या कोमट पाण्यात हिरवा शिनाणा एका हंगामात तयार होतो. मॉलमध्ये अर्ध्या शिंपल्यावर गोठवलेले मिळतात ते बहुधा न्यूझीलंडचे, आपल्या शिनाण्याचे चुलतभाऊ म्हणा, पण जात वेगळी. चवीचं म्हणाल तर आमचा कल उघड आहे: काढल्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीवर जाणाऱ्या शिनाण्याच्या अंगचं पाणीच असं गोडसर-खारट असतं की गोठवलेला माल त्याच्या जवळपास येत नाही.

घरी नेल्यावर

घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवू नका, गुदमरतात. ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दोन दिवसांच्या आत संपवा. आणि आता ती गोड्या पाण्याची गोष्ट: रात्रभर नळाच्या पाण्यात भिजत घालू नका. तिसऱ्या (रेतीतले छोटे शिंपले) भिजवायची सवय असल्याने पुष्कळ जणी हे करतात आणि सकाळी मेलेल्या शिनाण्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. आपल्या शिनाण्यात रेती नाहीच, भिजवायचं कारणच नाही.

शिजवण्याच्या जरा आधी वाहत्या पाण्याखाली घासा. दाढी धरून निमुळत्या टोकाकडे ओढा, एका झटक्यात निघते. ती आधीच काढून ठेवू नका, शिनाणा लवकर मरतो. टकटक करूनही न मिटणारा किंवा फुटका शिनाणा टाकून द्या.

जाड बुडाच्या टोपात पाणी न घालता टाका, झाकण ठेवा, आच मोठी. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडतात. शिजूनही मिटलेला राहील तो खाऊ नका. टोपात उतरलेलं पाणी मात्र फेकू नका. गाळून रश्शात घाला, आणि मीठ घालण्याआधी चव बघा, कारण खारटपणा त्यात आधीच असतो. ओलं खोबरं, कांदा आणि कोकमाची दोन सोलं घालून केलेलं सुकं आमच्या घरी सर्वांत जास्त होतं. रवा लावून तळायचे असतील तर शिंपल्यातून काढून चांगले निथळू द्या.

दोन तक्रारी नेहमी येतात, त्यांचं उत्तर इथेच देतो. ‘काहींचं मांस केशरी आहे, रंग घातलाय का?’ नाही हो, केशरी ती मादी आणि पांढुरका तो नर. चवीत आम्हाला तरी फरक कळलेला नाही. ‘आत बारीक खेकडा निघाला.’ मटाराएवढा तो खेकडा जिवंत शिनाण्याच्या आतच राहतो. तो अपायकारक नाही. नको असेल तर काढून टाका.

मागणी देताना

आम्ही शिंपल्यासकट वजनाने विकतो. किलोत साधारण 30 ते 40 शिनाणे बसतात, आणि शिजवल्यावर निघणारं मांस वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा थोडं कमी. चौघांच्या जेवणाला दीड किलो धरा. टाकीतले 24 तास आम्ही कमी करत नाही, म्हणून आज सांगून आज मिळणार नाहीत. दोन दिवस आधी कळवा. न्यायला येताना फडकं आणि टोपली आणलीत तर उत्तम, नाहीतर गोणपाट आम्ही देतो, तेवढं पुढच्या खेपेला परत आणा.